हुतात्म्यांची नावे कोणत्या वळणात कोरावी?

नरडाण्याहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, तर शिंदखेडा आणि दोंडाईचा मागे टाकून तुम्ही नंदुरबारला पोचता. तेथे ९ सप्टेंबर १९४२ रोजी पोलिसांनी मिरवणुकीवर गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे पाच जण त्यात हुतात्मे झाले. समजा, या पाच नावांची शिला तुमच्या शाळेच्या आवारात बसवायची आहे. अक्षरांचे वळण कोणते निवडाल?

'सुंदर दिसेल ते!' असे कोणी म्हणेल. पण नावे पुन्हा वाचा. एक नाव 'ध'ने सुरू होते, दुसरे 'घ'ने. या दोन अक्षरांत फरक तो किती? 'घ'ची शिरोरेषा अखंड असते, 'ध'ची डावीकडे उघडी असते. तेवढी फट दिसली नाही, तर धनसुखलालचा 'घनसुखलाल' होतो! 'शिरीष'मधील 'ष'च्या पोटातील तिरकी रेघ पुसट झाली, की त्याचा 'प' झालाच.

आता डोळ्याचे गणित पाहू. निरोगी डोळ्याला दोन रेषा वेगळ्या दिसण्यासाठी त्यांच्यामधील अंतराने डोळ्याशी सुमारे १ कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा कोन करावा लागतो. फटीच्या सुमारे ३,४४० पट दूर गेलो, की हा कोन होतो. म्हणजे ३ मिलिमीटरची फट फार तर १० मीटरवरून दिसेल. ही झाली मर्यादा. आजी-आजोबांनाही सहज वाचता यावे म्हणून फट दुप्पट, ६ मिलिमीटर धरू. ती अक्षराच्या उंचीचा सातवा हिस्सा असेल, तर अक्षर ४२ मिलिमीटर उंच हवे. वेलांटी, मात्रा, उकार यांची जागा निराळी!

हाच नियम रेषेच्या जाडीलाही लागतो. बोरूच्या वळणात काही रेषा जाड तर काही अगदी बारीक असतात. पुस्तकात ते शोभते, कारण पुस्तक हातभर अंतरावर असते. दुरून मात्र बारीक रेषा आधी नाहीशी होते. म्हणून दुरून वाचायच्या शिलेवर साधारण सारख्या जाडीचे, मोकळ्या पोटाचे वळण बरे.

वॉशिंग्टनमधील व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकावर (१९८२) ५८,००० हून अधिक नावे आहेत, तीही जेमतेम अर्ध्या इंचाच्या अक्षरांत. मग तेथे चूक झाली का? नाही. लोक त्या भिंतीला लागून चालतात, नावावर बोट ठेवतात. तेथील वळण हर्मान त्साप्फ यांचे 'ऑप्टिमा'. ते त्यांना इटलीतील फ्लॉरेन्सच्या एका चर्चमधील जुने थडग्यांवरचे लेख पाहून सुचले होते. तात्पर्य, वाचणारा कोठे उभा राहणार हे आधी ठरवावे.

दुसरी गोष्ट उन्हाची. कोरलेले अक्षर आपल्याला दिसते ते खाचेतील सावलीमुळे. उजेड वरून आला, तर आडव्या खाचेची वरची बाजू काळोखात जाते आणि शिरोरेषा ठळक होते. उभ्या दंडाच्या दोन्ही बाजू मात्र सारख्याच उजळतात व दंड फिका पडतो. सकाळी उजेड बाजूने आला, की उलट घडते. दंड उठून दिसतात, शिरोरेषा फिकट होते आणि नेमका 'ध'-'घ'चा फरक हरवतो! म्हणून खाच खोल हवी, किंवा तीत दगडाच्या विरोधी रंग भरावा. फार चकचकीत दगडात आभाळाचे प्रतिबिंब अक्षरांवर येते, हेही ध्यानात ठेवा.

प्रयोग करून पाहा. कागदावर ४ सेंटिमीटर उंचीचे 'ध' आणि 'घ' काढा, भिंतीला लावा आणि मित्राला मागे मागे सरकायला सांगा. अक्षरांची अदलाबदल त्याच्या नकळत करा. तो चुकू लागला, की अंतर मोजा. मग निरनिराळ्या वळणांची अक्षरे काढून तुलना करा.

शोभा हवीच, पण ती नंतर. ज्याने गावासाठी प्राण दिले, त्याचे नाव तरी आपण बरोबर वाचले पाहिजे, नाही का?