फुलपाखरू-निरीक्षण, वसंतातील

फुलपाखरांना न पकडता, त्यांच्या अधिवासातच पाहून त्यांच्या जाती ओळखणे. कोकणात यास पावसाळ्याअखेरचा काळ सर्वांत सोयीचा असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील कातळसडे वाळलेले असल्याने फुलपाखरे मुख्यत्वे देवराया, पऱ्यांचे ओलसर काठ आणि पूर्व सीमेवरील चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या रानांत आढळतात. ओल्या मातीवर क्षार शोषण्यासाठी जमणारी बहुधा नर असतात.

ओळखण्यातील खरी अडचण ऋतुरूपांची आहे. निंफॅलिडी कुलातील मयूर भिरभिरी (जुनोनिया अल्माना) या जातीच्या पावसाळी रूपात पंखांच्या खालच्या बाजूवर नेत्रासारखे ठिपके असतात. कोरड्या ऋतूतील रूपात ते जवळजवळ लोपतात, पंखांच्या कडा कोनयुक्त होतात आणि मिटलेले पंख मध्यशिरेसह वाळक्या पानासारखे दिसतात. हा भेद इतका ठळक आहे की, लिनीअस यांनी १७५८ मध्ये या दोन रूपांना दोन स्वतंत्र जाती मानून नावे दिली. वरची नारिंगी बाजू व तीवरील मोठे नेत्रठिपके मात्र दोन्ही रूपांत कायम राहतात. ती बाजू दिसेपर्यंत थांबणे इष्ट. सांजवेळी उडणाऱ्या मेलॅनिटिस लीडा या जातीचे कोरड्या ऋतूतील रूप तर रंगाने अतिशय परिवर्तनशील असते. नीलवंत (पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर) या २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेल्या जातीबाबत असा घोटाळा होत नाही. तिचे मोठे, काळे-निळे पंख दुरूनही ओळखता येतात.

नोंदीत दिनांक, स्थळ आणि पंखांची कोणती बाजू पाहिली हे लिहावे. दिनांकाविना ऋतुरूप ताडून पाहता येत नाही.