पाण्यातून येणारी कावीळ आणि आपला धंदा

सुताचे भाव, विजेचे दर, ग्रे कापडाची मंदी यांची चर्चा या पानावर नेहमीच होते. आज आम्ही अशा एका नुकसानीविषयी लिहीत आहोत की जी कोणाच्याही खातेवहीत नोंदली जात नाही, पण यंत्रमागाच्या गावातला प्रत्येक कारखानदार आणि कारागीर ती कधी ना कधी सोसतो. हे नुकसान काविळीचे आहे. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, तेथे आणि घरात या आजाराला ‘यरकान’ म्हणत. बाजारात कावीळ म्हणतात, डॉक्टर हिपॅटायटिस म्हणतात. नावे तीन असली तरी आमच्यासारख्या व्यापाऱ्याला त्यामागचे कारण बरीच वर्षे ठाऊक नव्हते. ते आम्हाला फार महाग किंमत मोजून कळले.

काही वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात नळाचे पाणी कमी दाबाने येऊ लागले. आम्ही इतरांप्रमाणेच कारखान्याच्या नळाला मोटर लावली. पाणी भरपूर मिळू लागले. आमचा एक जुना कारागीर ज्या चाळीत राहत होता तेथे नळ कोरडा होता. आम्हीच त्याला म्हटले, “रोज सुटी झाली की कॅन भरून घेऊन जा.” महिना-सव्वा महिना गेला आणि कारखान्यातली माणसे एकामागून एक आजारी पडू लागली. आधी कांडीवाला, मग दोन विणकर, मग मुकादम. आठांपैकी पाच जण घरी बसले. माग बंद, बीम तसेच पडून, पार्टीचे तागे वेळेवर गेले नाहीत. तेवढे नुकसान आम्ही पुढच्या हंगामात भरून काढले असते. पण त्या जुन्या कारागिराची पत्नी आठव्या महिन्याची गरोदर होती. तिचे डोळे पिवळे झाले तेव्हा तिला प्रथम कावीळ उतरवणाऱ्याकडे नेले गेले आणि त्यात चार दिवस गेले. इस्पितळात नेले तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. आई आणि मूल दोघेही वाचले नाहीत. नंतर खोदून पाहिले तेव्हा आमच्या नळाचा पाइप गटाराखालून गेलेला आणि गंजून भोके पडलेला आढळला. या घरातली माणसे जे पाणी पीत होती ते आमच्या कारखान्यातून भरलेले होते. म्हणून हा लेख.

ही कावीळ नेमकी कोणती?

कावीळ हा स्वतः रोग नाही, ती खूण आहे. यकृताला, म्हणजे आपण ज्याला जिगर म्हणतो त्याला सूज आली की रक्तातला पिवळा घटक बाहेर टाकला जात नाही आणि डोळे, त्वचा, लघवी पिवळी होते. ही सूज आणणारे विषाणू प्रामुख्याने पाच आहेत. त्यांना ए, बी, सी, डी, ई अशी नावे आहेत. बी, सी आणि डी हे रक्तातून, दूषित सुईतून किंवा शारीरिक संबंधातून पसरतात. ए आणि ई हे मात्र माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि पाण्यातून किंवा अन्नातून दुसऱ्याच्या पोटात जातात. ‘ए’ आपल्याकडे बहुतेकांना लहानपणीच होऊन जातो आणि पुष्कळदा कळतही नाही. ‘ई’ चे तसे नाही. तो जास्त करून १५ ते ४० वर्षे वयाच्या माणसांना पकडतो, म्हणजे नेमका कमावता हात धरतो. आपल्या शहरांत पाण्यामुळे मोठ्या माणसांत काविळीची साथ येते तेव्हा तिच्यामागे बहुतेक वेळा हाच ‘ई’ असतो.

तीन साथींचा धडा

१९५५ साली दिल्लीत यमुनेचा प्रवाह बदलला आणि नजफगढ नाल्याचे मैलापाणी वझिराबादच्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत मागे आले. पाणीखात्याने क्लोरीन वाढवले. त्यामुळे टायफॉइड व हगवण वाढली नाही, पण काही आठवड्यांनी, डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये, सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. गढूळ, मैलामिश्रित पाण्यात नेहमीपेक्षा थोडे जास्त क्लोरीन घातले म्हणजे विषाणू मरतोच असे नाही, हे या साथीने दाखवले. त्या वेळी हा ‘ए’ विषाणू समजला गेला. जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांची पुढे तपासणी झाली तेव्हा तो ‘ए’ नसल्याचे कळले.

१९७८ साली काश्मीर खोऱ्यात मोठी साथ आली. तेथील डॉ. मोहम्मद सुल्तान खुरू यांनी गावोगाव फिरून ती अभ्यासली. हा नवाच विषाणू असावा आणि तो गरोदर स्त्रियांना विशेष घातक आहे, हे त्यांनी १९८० साली जगापुढे मांडले. १९८३ साली सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाइल बालायान यांनी रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन, स्वतः आजारी पडून हा विषाणू शोधून काढला. १९९० नंतर त्याला ‘ई’ हे नाव रूढ झाले. १९९१ साली कानपुरात तर सुमारे ७९ हजार लोकांना ही कावीळ झाली.

आणि आपल्याच धंद्यातले गाव म्हणजे इचलकरंजी. २०१२ च्या उन्हाळ्यात तेथे हिपॅटायटिस ई ची साथ आली, हजारो लोक आजारी पडले आणि मृत्यूही झाले. भिवंडी असो, मालेगाव असो की सोलापूर, दाट वस्ती, जुने पाइप, उघडी गटारे आणि ठरावीक वेळीच येणारे पाणी ही स्थिती आपल्या सर्वच यंत्रमागाच्या गावांत सारखी आहे.

चांगले पाणी बिघडते कसे?

पाणी टाकीतून शुद्ध निघते, हे बहुधा खरे असते. ते बिघडते वाटेत. नळाला पाणी चालू असते तेव्हा पाइपात दाब असतो आणि फुटक्या जागेतून पाणी बाहेर गळते. पाणी बंद झाले की दाब संपतो आणि त्याच फुटक्या जागेतून गटाराचे पाणी आत शिरते. त्यात आपण मोटर लावली तर आणखी वाईट. मोटर फक्त पाणी ओढत नाही, वाटेत जे असेल ते सर्व ओढते. शेजाऱ्याचा सांधा तुटलेला असेल तर ती घाण आपल्याकडेही येते आणि त्याच्याकडेही राहते. आम्ही नेमके हेच केले होते.

दुसरी गोष्ट, या विषाणूला शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत २ ते १० आठवडे लागतात, बहुधा पाच-सहा. म्हणून पहिला रोगी दिसतो तेव्हा पाणी बिघडून महिना होऊन गेलेला असतो. त्या दिवशी नमुना तपासला आणि पाणी स्वच्छ निघाले, तरी मागे ते स्वच्छ होते असा त्याचा अर्थ होत नाही. पाइप दुरुस्त झाल्यावरही दोन महिने नवे रोगी निघू शकतात, त्याने घाबरून जाऊ नये.

लक्षणे आणि धोक्याच्या खुणा

सुरुवातीला बारीक ताप, अंग मोडून येणे, जेवणाचा वास नकोसा होणे, मळमळ, उजव्या बाजूला बरगडीखाली दुखणे. मग लघवी सरसूच्या तेलासारखी गडद होते आणि डोळे पिवळे दिसू लागतात. बहुतेक माणसे २ ते ६ आठवड्यांत आपोआप बरी होतात. म्हणूनच माळ घालणारा, कावीळ उतरवणारा, पुडी देणारा अशा सर्वांना यश मिळते.

हात धुऊन पिवळे पाणी काढून दाखवणाऱ्यांबद्दल रंगाच्या धंद्यातल्या माणसाने तरी फसू नये. आंब्याच्या सालीचा रस हाताला लागलेला असेल आणि भांड्यात चुन्याची निवळी असेल तर पाणी पिवळे होणारच, मग माणूस आजारी असो वा ठणठणीत.

पण काहींना ही कावीळ यकृत निकामी करेपर्यंत नेते. रोगी गुंगीत राहू लागला, असंबद्ध बोलू लागला, रात्री जागा आणि दिवसा झोपेत राहू लागला, नाक-हिरड्यांतून रक्त आले, उलट्या थांबेनात, पोट फुगले, तर एक तासही न दवडता मोठ्या इस्पितळात न्यावे. गरोदर बाईच्या बाबतीत तर यातली एकही खूण दिसण्याची वाट पाहू नये. शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ झाली तर शंभरातल्या २० ते २५ जणींपर्यंत मृत्यू होऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. डोळे पिवळे दिसले त्याच दिवशी इस्पितळ, हा नियम प्रत्येक घरात पाठ असला पाहिजे.

या विषाणूवर नेहमीच्या रोग्याला द्यावे असे खास औषध नाही. विश्रांती, भरपूर शुद्ध पाणी आणि पचेल ते साधे जेवण हाच उपचार. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तापाच्या गोळ्या, पुड्या, काढे घेऊ नयेत, कारण त्यांचा भार आजारी यकृतावरच पडतो. दारूला तर हातही लावू नये. उसाचा रस काविळीवर चांगला म्हणून रस्त्यावरचा, बर्फ घातलेला रस आणून पाजतात. त्यातले पाणी आणि बर्फ कोठले हे कोणी पाहत नाही. विषाणू बर्फात मरत नाही.

रोग्याला वाळीत टाकण्याचे कारण नाही. एका घरात एकाकडून दुसऱ्याला ही कावीळ क्वचितच लागते, सर्वांना ती एकाच पाण्यातून लागते. फक्त रोग्याने बरे होईपर्यंत इतरांसाठी स्वयंपाक करू नये किंवा पाणी वाढू नये, आणि शौचानंतर साबणाने हात धुवावेत.

लस आहे का, असे लोक विचारतात. ‘ई’ वरील लसीला चीनमध्ये २०११ साली परवाना मिळाला आणि २०२२ साली दक्षिण सुदानमध्ये साथीच्या वेळी ती प्रथम वापरली गेली. आपल्याकडे दवाखान्यात काविळीची लस म्हणून जी टोचली जाते ती ‘ए’ किंवा ‘बी’ ची असते. तिच्याने ‘ई’ टळत नाही. तेव्हा आपली लस म्हणजे शुद्ध पाणी.

बंदोबस्त काय करावा?

पहिले, पाणी उकळणे. खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट ती तशीच ठेवावी आणि पाणी त्याच भांड्यात झाकून थंड होऊ द्यावे. तुरटीने गाळ बसतो, विषाणू मरत नाही. फडक्याने गाळणे किंवा साधा कँडल फिल्टर यांनीही तो अडत नाही. माठातून पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच काढावे, हात बुडवू नये.

दुसरे, कारखान्याची टाकी. ती वर्षातून निदान दोनदा रिकामी करून घासावी. साथीच्या दिवसांत ब्लीचिंग पावडर वापरावी. चांगल्या प्रतीची, म्हणजे सुमारे ३३ टक्के क्लोरीन असलेली पावडर १,००० लिटर स्वच्छ पाण्याला अडीच ग्रॅम पुरते, साथ असेल तर दुप्पट घ्यावी. ती बादलीत कालवून दहा मिनिटे ठेवावी, चुना खाली बसला की वरची निवळी टाकीत ओतावी आणि निदान एक तास पाणी वापरू नये. धुलाई-रंगाईच्या लोकांना ही पावडर नवी नाही. उघडे पोते दमट हवेत राहिले की तिचा जोर जातो, हे ते जाणतात. मात्र प्रोसेस हाउसमधले पोते पिण्याच्या पाण्याला वापरू नये, पाणीशुद्धीसाठी मिळते तीच पावडर घ्यावी.

तिसरे, नळाच्या टोकाला क्लोरीन आहे की नाही हे पाहणे. ओ.टी. टेस्टचे थेंब टाकले की पाणी पिवळे होते, न झाले तर क्लोरीन नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असावे आणि विषाणूचा धोका असेल तेव्हा ०.५, असे भारतीय मानक आहे. गल्लीतल्या शेवटच्या नळावर हे नसेल तर नगरपालिकेला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी.

चौथे, आपल्या नळाची मोटर काढावी आणि गटारातून गेलेला पाइप बदलून घ्यावा. हा खर्च एकट्याला जड वाटला तर गल्लीतल्या चार कारखान्यांनी मिळून करावा.

पाचवे, सार्वजनिक जागा. मशिदीचा हौज, वलीम्याची दावत, रमजानमधले इफ्तारचे सरबत येथे शेकडो माणसे एकाच पाण्यावर असतात. वुजू करताना कुल्ली केली जाते, ते पाणी तोंडात जातेच. साथीच्या दिवसांत हौजात क्लोरीन घालणे आणि सरबतात लादीचा बर्फ न घालणे हे व्यवस्थापकांनी पाहावे.

हिशेब

आम्ही व्यापारी, म्हणून शेवटी हिशेब मांडतो. एक कारागीर महिनाभर घरी बसला तर त्याची मजुरी बुडते, तो उचल मागतो, आपला माग बंद राहतो आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. याच्यासमोर पाइपाचे दोन तुकडे, मूठभर पावडर आणि पाणी उकळायचा गॅस ठेवून पाहावा. आमच्या कारखान्यात आता मोटर नाही, पाइप गटारापासून दूर घेतला आहे आणि पिण्याचे उकळलेले पाणी वेगळ्या टाकीत असते. तो जुना कारागीर आजही आमच्याकडेच काम करतो. त्याने आम्हाला कधी एक शब्दही बोलून दाखवला नाही. पण संध्याकाळी सुटी झाली की तो त्या नळाजवळ थांबत नाही, हे आम्ही रोज पाहतो.

वाचक बंधूंनी या आठवड्यात एवढेच करावे. आपल्या नळाचा पाइप कोठून येतो ते स्वतः वाकून पाहावे. गटारातून येत असेल तर दुरुस्तीला पहिला रोगी निघेपर्यंत थांबू नये, कारण तोवर महिना उलटून गेलेला असतो.