शेळी माणसाचा चेहरा वाचते का?

धनी रागात असला की जनावर बुजते, हा पशुपालकांचा जुना अनुभव आहे. मात्र ते नेमके कशाला बुजते? चढलेल्या आवाजाला, उगारलेल्या हाताला, की चेहऱ्यावरील भावालाही? याचा उलगडा करायचा तर आवाज आणि हालचाल दोन्ही वगळून केवळ चेहराच जनावरापुढे ठेवावा लागतो.

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांनी हेच केले. इंग्लंडमधील केंट परगण्यातील शेळ्यांच्या एका आश्रयस्थानात त्यांनी शेळ्यांसमोर एकाच अनोळखी व्यक्तीची दोन कृष्णधवल छायाचित्रे लावली. एक हसऱ्या, दुसरे रागावलेल्या चेहऱ्याचे. २० शेळ्यांच्या नोंदींवर आधारलेला हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. शेळ्यांचा कल हसऱ्या चेहऱ्याकडे आढळला. त्या त्याच्याजवळ जात, नाक लावून तपासत. हसरा चेहरा उजव्या बाजूस असताना हा कल ठळक होता. सुखद संवेदना मेंदूचा डावा भाग हाताळतो, या अनुमानाशी ते जुळते.

ससेक्स विद्यापीठाच्या २०१६ मधील अभ्यासात २८ घोड्यांना अशीच छायाचित्रे दाखविली होती. रागीट चेहरा दिसताच त्यांच्या हृदयाचे ठोके अधिक वेगाने वाढले आणि त्यांनी तो डाव्या डोळ्याने न्याहाळला. घोडा निदान माणसाच्या सोबतीने काम करणारा प्राणी. शेळी तर दूध व मांसासाठीच पाळली गेली. म्हणून तिचा निष्कर्ष अधिक लक्षणीय वाटतो. अर्थात, दोन मुद्रांतील फरक ओळखणे म्हणजे माणसाचे मन जाणणे नव्हे. शेळीला धन्याचे दुःख कळते, असे यावरून म्हणता येणार नाही.

गोठ्यात मात्र चेहरा कधी एकटा नसतो. त्यासोबत आवाज, चाल आणि हाताचा स्पर्श येतो. गायी माणसे ओळखताना चेहरा व उंची यांचा आधार घेतात आणि कठोरपणे वागविणाऱ्यापासून अंतर राखतात. याची किंमत दुधात मोजावी लागते. घाबरलेल्या गायीच्या शरीरात ॲड्रेनलिन स्रवते, त्यामुळे ऑक्सिटोसिनचे कार्य अडते आणि गाय पान्हा चोरते. कासेत दूध असूनही ते पूर्ण उतरत नाही. म्हणूनच लसीकरण, टॅगिंग किंवा शिंगे डागणे ही त्रासदायक कामे दूध काढणाऱ्या व्यक्तीकडे सोपवू नयेत, आणि शक्य असल्यास दोहनाच्या जागेपासून दूर करावीत.