पत्र्याच्या भिंतीला घाम का फुटतो?

अमेरिकेत ओहायो, मिशिगनकडच्या शेतांवर पोल बार्न हमखास दिसतो. लाकडी खांब थेट जमिनीत पुरायचे, त्यांना बाहेरून आडव्या पट्ट्या ठोकायच्या आणि वर पत्रा. ट्रॅक्टर आणि गवतासाठी उत्तम. कुणी आत सुतारकाम थाटून हीटर लावला, की मात्र गैरसमज महागात पडू लागतात.

सगळ्यात मोठा गैरसमज गळतीचा. जानेवारीत सकाळी आतून पत्र्याला बोट लावलं, तर पांढरा हिमाचा थर खरवडला जातो. ऊन आलं की तो वितळून पट्ट्यांवरून ओघळतो, करवतीच्या मेजावर थेंब पडतात आणि मालक शिडी लावून बाहेरचे स्क्रू तपासत बसतो. पाणी बाहेरून आलेलंच नसतं. आतली हवा 20 अंश सेल्सिअस आणि आर्द्रता 50 टक्के असेल, तर साधारण 9 अंशांहून थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं. पत्रा तर शून्याच्याही खाली गेलेला असतो. धुराडं नसलेला प्रोपेनचा हीटर यात भरच घालतो : एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन खोलीत मिसळतं.

म्हणूनच नुसता फायबरग्लास कोंबून भागत नाही. तो उष्णता अडवतो, वाफ नाही. वाफ त्यातून आरपार जाऊन पत्र्यावर गोठते, आणि ओला फायबरग्लास काही कामाचा उरत नाही. दाबून भरला तर आतली हवाच निघून जाते, आणि खरं काम ती हवाच करत असते. शिवाय खांब बहुधा 8 फुटांवर असतात, त्यामुळे गुंडाळ्यांना आधार मिळत नाही आणि त्या खाली सरकतात. मध्ये उभ्या चौकटी हव्यात आणि आतल्या, उबदार बाजूला प्लास्टिकचा कागद. त्याचे सांधे आणि स्विचबोर्डाभोवतीच्या फटीही टेपने बंद करायला हव्यात.

मग दोन्ही बाजूंना प्लास्टिक का नको? मध्ये अडकलेली ओल वाळत नाही, लाकूड कुजतं. लुइझियानासारख्या दमट, एसी चालणाऱ्या भागात तर आतलं प्लास्टिकच घातक, कारण तिथे दमट हवा बाहेर असते आणि थंड बाजू आत.

चकाकत्या बबल शीटबद्दलही असाच गैरसमज आहे. आपल्याकडे कारखान्यांच्या छताखाली ती लावतात आणि तिथे ती उपयोगी पडते, कारण तापलेल्या पत्र्याची किरणं ती अडवते. अट एवढीच की तिच्या शेजारी मोकळी हवा हवी. थंडीत भिंतीत चेपून बसवली, तर तिची उष्णतारोधकता, म्हणजे आर-मूल्य, जेमतेम 1 भरते. साडेतीन इंच फायबरग्लासची 11 ते 15 असते.

बंद पेशींचा स्प्रे फोम पत्र्याला घट्ट चिकटतो, दमट हवा पत्र्यापर्यंत पोहोचूच देत नाही. माझ्या मते थंड प्रदेशात तोच सर्वांत भरवशाचा, पण महाग. आणि तो उघडा ठेवायचा नसतो. फोम पेट घेतो, म्हणून त्यावर अर्धा इंच जिप्सम बोर्ड लावलाच पाहिजे.