आंतरराष्ट्रीय वाहनचालन परवाना

आंतरराष्ट्रीय वाहनचालन परवाना (संक्षेप: आयडीपी) हा परदेशात तात्पुरते वाहन चालवण्यासाठी वापरला जाणारा दस्तऐवज आहे. धारकाच्या स्वदेशी वाहनचालन अनुज्ञप्तीतील (लायसन्स) तपशील त्यात अनेक भाषांमध्ये दिलेला असतो. हा परवाना मूळ अनुज्ञप्तीची जागा घेत नाही. दोन्ही एकत्र बाळगावे लागतात. ज्या देशाने तो दिला, त्या देशात वाहन चालवण्यासाठी तो चालत नाही.

आंतरराष्ट्रीय करार

या परवान्याला १९२६ चा पॅरिस करार, १९४९ चा जिनिव्हा करार आणि १९६८ चा व्हिएन्ना करार यांचा आधार आहे. जिनिव्हा करारानुसार दिलेला परवाना एक वर्ष वैध असतो. व्हिएन्ना करारानुसार दिलेल्या परवान्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे असते. मात्र मूळ अनुज्ञप्ती त्याआधी संपल्यास परवानाही संपतो.

सर्व देश तिन्ही करारांत सहभागी नाहीत. त्यामुळे केवळ परवाना जवळ असणे पुरेसे नसते. तो ज्या करारानुसार दिला आहे, तो करार भेटीच्या देशाला मान्य असावा लागतो.

देशांनुसार फरक

* जपान: केवळ जिनिव्हा करारानुसार दिलेला परवाना स्वीकारला जातो. प्रवेशाच्या दिवसापासून एक वर्ष किंवा परवान्याची मुदत, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंत वाहन चालवता येते. जर्मनी या करारात नसल्याने जर्मन परवाना तेथे चालत नाही. त्याऐवजी जर्मन अनुज्ञप्तीसोबत अधिकृत जपानी भाषांतर बाळगावे लागते.
* चीन: मुख्यभूमीवर हा परवाना मान्य नाही, स्थानिक अनुज्ञप्ती घ्यावी लागते.
* युरोपीय संघ: एका सदस्य देशाची अनुज्ञप्ती इतर सदस्य देशांत थेट चालते.
* अमेरिका: परवान्याची आवश्यकता राज्यानुसार बदलते.

भारतात

भारतात प्रादेशिक परिवहन कार्यालय (आरटीओ) वैध अनुज्ञप्ती असलेल्या भारतीय नागरिकांना हा परवाना देते. त्यासाठी नमुना ४-अ मध्ये अर्ज करावा लागतो. परवाना जिनिव्हा करारानुसार असून त्याची मुदत एक वर्ष असते. परदेशात असताना मुदत संपल्यास भारतीय दूतावासामार्फत अर्ज करण्याची सोय २०२१ मध्ये करण्यात आली. २०२२ च्या नियमबदलाने देशभरातील परवान्यांचे स्वरूप एकसारखे झाले आणि परवाना मूळ अनुज्ञप्तीशी जोडणाऱ्या क्यूआर कोडची तरतूद झाली.

बनावट परवाने

‘आंतरराष्ट्रीय लायसन्स’ या नावाने महाजालावर विकली जाणारी अनेक कार्डे बनावट असतात. खरा परवाना केवळ संबंधित देशाचे सरकार किंवा त्याने अधिकृत केलेली संस्था देते; संयुक्त राष्ट्रसंघ असे परवाने देत नाही. अवैध परवान्यावर वाहन चालवल्यास ते विनापरवाना चालवणे ठरू शकते. अशा वेळी अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाई नाकारण्याची शक्यता असते.