चाकांच्या खुर्चीतून तीन सुवर्णपदके

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील व्हर्नन या गावी राहणाऱ्या श्रीमती सोनिया गॉडेट १९९७ मध्ये घोड्यावरून पडल्या. मज्जारज्जूस इजा होऊन पायांतील बळ गेले. त्यावेळी त्यांनी तिशी नुकतीच ओलांडली होती. पुढे त्या कर्लिंग या खेळाकडे वळल्या आणि नऊ वर्षांनी पॅरालिंपिक विजेत्या ठरल्या.

कर्लिंग हा मूळचा स्कॉटलंडचा खेळ. ग्रॅनाइटचा सुमारे २० किलो वजनाचा दगड बर्फावरून घसरवीत नेऊन दूरच्या वर्तुळाच्या मध्याशी थांबवावयाचा असतो. एरव्ही साथीदार दगडापुढे ब्रशने बर्फ घासतात व त्याची गती आणि दिशा काहीशी सावरून घेतात. चाकांच्या खुर्चीतील खेळात ही मुभा नाही. खेळाडू स्थिर खुर्चीत बसून बहुधा लांब काठीने दगड ढकलतो. खुर्ची सरकू नये म्हणून साथीदार ती मागून धरतो. दगड सुटला की चूक सुधारता येत नाही. अपंगांसाठी खेळ सोपा केला असावा, असा समज कोणाचा असल्यास तो येथे टिकत नाही. संघात स्त्रिया व पुरुष दोघेही असावेच लागतात, हा नियमही लक्षात घेण्याजोगा आहे.

पॅरालिंपिकमध्ये या खेळाचा प्रवेश २००६ साली इटलीतील तुरीन येथे झाला. अंतिम सामन्यात कॅनडाने ब्रिटनला ७-४ असे हरविले. २०१० ची स्पर्धा व्हँकूव्हरला, म्हणजे श्रीमती गॉडेट यांच्याच प्रांतात, भरली. प्रत्येक डावात संघाचे पहिले दोन दगड टाकण्याचे काम त्यांच्याकडे होते. टाळ्या शेवटच्या दगडाला पडतात, पण पुढच्या खेळाचा पाया या पहिल्या दगडांनीच घातला जातो. दक्षिण कोरियावरील विजय अवघ्या एका गुणाचा, ८-७ असा होता.

पदक मिळविण्याआधी खेळाडूला मैदानापर्यंत पोहोचता यावे लागते. बर्फावर उतरण्यास उतरंड, खुर्ची जाईल एवढे रुंद दार, वापरता येण्याजोगे स्वच्छतागृह या गोष्टी नसत्या, तर ही कारकीर्द सुरूच झाली नसती.

२०१३ मध्ये कॅनडाच्या कर्लिंग सन्मान दालनात त्यांचा समावेश झाला. चाकांच्या खुर्चीतून खेळणाऱ्या खेळाडूला हा मान प्रथमच मिळाला. २०१४ साली रशियातील सोची येथे उद्घाटन सोहळ्यात कॅनडाचा ध्वज त्यांच्या हाती होता. अंतिम सामन्यात यजमान रशियाला ८-३ असे नमवून त्यांनी तिसरे सुवर्णपदक मिळविले.