रुळांकाठचा वारसा (भाग ७) : भायखळ्याचा रंग उतरवला, त्याची गोष्ट

मागच्या भागात आपण बोरीबंदरला, म्हणजे आजच्या सीएसएमटीला होतो. फ्रेडरिक स्टीव्हन्सचे आराखडे, सीताराम खंडेराव वैद्यांची देखरेख, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी दगडात काढलेली पानंफुलं असं सगळं आपण पाहिलं. त्या इमारतीवर लिहायला फार कष्ट पडत नाहीत, कारण ती येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःच थांबवते. आज तिथूनच धिमी लोकल पकडायची, मशीद आणि सँडहर्स्ट रोड मागे टाकायचं आणि तिसऱ्या स्टेशनावर उतरायचं. भायखळ्याला स्टेशन बघायला कुणी उतरत नाही. राणीच्या बागेत जायला उतरतात, भाजी मार्केटला उतरतात, जे. जे. किंवा मसीना हॉस्पिटलात कुणाला भेटायला उतरतात. आणि तरीही ही इमारत वयानं सीएसएमटीपेक्षा तब्बल तीस वर्षांनी मोठी आहे.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, हे शाळेत सगळेच पाठ करतात. त्या दिवशीचं बोरीबंदर मात्र आज नाही. आताची भव्य इमारत बांधायला १८७८ मध्ये सुरुवात झाली आणि ती पुरी व्हायला दहाएक वर्षं लागली. त्या दिवशीचं ठाणे स्टेशनही उरलेलं नाही. भायखळ्यालाही आधी लाकडी बांधकामच होतं, पण १८५७ च्या सुमारास तिथे दगडी इमारत आली आणि ती राहिली. देशातल्या सर्वांत जुन्या स्टेशनांच्या इमारतींत ती धरली जाते. या मानाचा दुसरा दावेदार चेन्नईचं रोयापुरम. तिथून पहिली गाडी १ जुलै १८५६ ला निघाली. कोण पहिलं या वादात मला फारसा रस नाही. सत्तावनच्या धामधुमीच्या आगेमागे बांधलेल्या दोन्ही इमारतींसमोर आजही गाड्या थांबतात, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

भायखळ्याला इतक्या लवकर दगडी स्टेशन का मिळालं असावं? तेव्हाचं भायखळा डोळ्यांपुढे आणलं तर अंदाज येतो. कोट परिसराच्या गर्दीतून बाहेर पडलेल्या साहेब लोकांचे आणि धनिकांचे बंगले इथे होते. बायकला क्लब १८३३ चा. घोड्यांच्या शर्यतीही इथेच होत, महालक्ष्मीचं मैदान नंतरचं. डेव्हिड ससून यांचा 'सां सुसी' हा महाल इथलाच, आणि आज ज्याला आपण मसीना हॉस्पिटल म्हणतो ते त्याच वास्तूत आहे. रेल्वेशी तर भायखळ्याची ओळख प्रवासी गाडीच्याही आधीची. मार्ग बांधताना माल ओढायला जे इंजिन आणलं, त्याला गव्हर्नर फॉकलंड यांचं नाव दिलं होतं. १८५२ मध्ये ते भायखळ्याच्या बाजूला धावू लागलं. बैल नाही, घोडा नाही, आणि गाडा चाललाय, हे मुंबईकरांनी पहिल्यांदा पाहिलं ते इथे.

मग गिरण्या आल्या. धुराडी वाढली तसे बंगलेवाले मलबार हिलकडे सरकले, क्लबाचे दिवस सरले, शर्यती महालक्ष्मीला गेल्या. बंगल्यांच्या जागी चाळी आल्या. स्टेशन तेच राहिलं, बदलली ती त्याच्या कमानींखालून जाणारी माणसं. बग्गीतून उतरणाऱ्यांसाठी बांधलेल्या दारातून पाळीचा भोंगा गाठायला धावणारे कामगार जाऊ लागले. खरं तर त्यांच्याच वर्दळीनं ही इमारत वाचवली. मँचेस्टरचं लिव्हरपूल रोड स्टेशन १८३० चं, म्हणजे भायखळ्याहूनही जुनं. पण १८४४ मध्येच तिथली प्रवासी वाहतूक बंद झाली, आणि आज ते विज्ञान व उद्योग संग्रहालयाचा भाग म्हणून जपलेलं आहे. छान जपलंय, पण तिकीट काढून गाडी पकडायची सोय तिथे नाही. भायखळ्याला संग्रहालय होण्याची चैन कधीच परवडली नाही.

वापरातलं स्टेशन टिकतं, पण वापरामुळेच झिजतंही. त्यातही पायांनी होणारी झीज कमी, हातांनी होणारी जास्त. कुणी पाहुणे येणार म्हणून रंग, वर्ष उलटलं म्हणून रंग, डाग पडले म्हणून रंग. काळ्या दगडावर, ओतीव लोखंडाच्या खांबांवर आणि ब्रॅकेटांवर, लाकडावर, सगळीकडे ऑइलपेंटचे थरावर थर. त्यावर वायरी, त्यावर पत्र्याच्या पाट्या, पंख्यासाठी पाडलेली भोकं, ट्यूबलाइटसाठी ठोकलेल्या पट्ट्या, जास्तीच्या केबिनसाठी बुजवलेली एखादी कमान. यातलं प्रत्येक काम त्या त्या वेळी गरजेचंच होतं. वाईट हेतूनं कुणीच काही केलेलं नसतं, म्हणून तर कुणाला जाबही विचारता येत नाही.

ऑइलपेंटचं नुकसान नुसतं दिसण्यापुरतं नसतं. जुन्या दगडी भिंतींची बांधणी चुन्यात असते. पावसाळ्यात अशी भिंत पाणी शोषते आणि पुढच्या महिन्यांत सावकाश बाहेर टाकते. तिच्यावर तेलाचा रंग चढवणं म्हणजे भिजलेल्या माणसाला वरून रेनकोट घालणं. ओल आतच कोंडते, चुना भुसभुशीत होतो, दगडाचे पापुद्रे सुटतात. मग कुणीतरी सिमेंटनं दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे भरतं. सिमेंट चुन्याहून कडक असल्यामुळे ओलीला सांध्यातून वाट मिळत नाही आणि ती दगडातून बाहेर पडू पाहते. सांधा शाबूत राहतो आणि दगड खराब होतो. म्हणून अशा इमारतीत खरी डागडुजी सुरू होते ती काढून टाकण्यापासून. रंग असा उतरवायचा की खालच्या दगडाला ओरखडा येणार नाही. सिमेंट खरवडायचं, पुन्हा चुना भरायचा. लोखंडावरचे थर काढले की खाली गंज किती खोल गेलाय ते कळतं. हे सगळं चिकाटीचं आणि दिसायला अगदीच नीरस काम आहे. फीत कापताना त्याचा फोटो निघत नाही.

भायखळ्याचं हे काम २०१९ मध्ये सुरू झालं. 'आय लव्ह मुंबई' या संस्थेनं पुढाकार घेतला, बजाज समूहाच्या न्यासांनी पैसा दिला आणि वास्तुजतनाची जबाबदारी आभा नारायण लांबा यांनी सांभाळली. मध्य रेल्वे बरोबर होतीच, कारण मालक तीच. मध्येच करोना आला, लोकल बंद झाली, मग मोजक्यांसाठी सुरू झाली. एरवी दिवसभर माणसांनी भरलेला फलाट लोकांनी रिकामा पाहिला तो त्या काळात. एप्रिल २०२२ मध्ये काम पुरं झालं आणि त्याच वर्षी युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा जतन पुरस्कारांत भायखळ्याला गुणवत्ता पुरस्कार मिळाला. त्याच यादीत सर्वोच्च मान मुंबईच्याच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला होता. साहजिकच भायखळ्याची बातमी आतल्या पानावर गेली.

स्टेशनात अशा कामाच्या अडचणी किल्ल्याच्या किंवा वाड्याच्या कामासारख्या नसतात. चार दिवस कुलूप लावून काम उरकता येत नाही. पहाड (मचाण म्हणा हवं तर) बांधायचा तर खालून माणसं जाणार. फलाटाच्या बाजूला हात लावायचा तर डोक्यावर २५,००० व्होल्टची तार, त्यामुळे वीज बंद ठेवून, ब्लॉक घेऊनच काम. या तारेची हकिगत इथेच सांगायला हवी. मुंबईच्या लोकल आधी १,५०० व्होल्ट डीसीवर धावत. त्या एसीवर आणायचं काम मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये पुरं झालं. दाब वाढला की तार आणि तिच्या वरचं बांधकाम यांत जास्त अंतर लागतं. भायखळ्याच्या अलीकडे सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल तितका उंच नव्हता. जानेवारी २०१६ मध्ये सलग १८ तासांचा ब्लॉक घेऊन तो पाडला. नोव्हेंबर २०२२ मध्ये, म्हणजे भायखळ्याला पुरस्कार मिळाला त्याच महिन्यात, मशीदजवळचा दीडशेहून जास्त वर्षांचा कर्नाक पूलही २७ तासांच्या ब्लॉकमध्ये उतरवला.

याला विसंगती म्हणायचा मोह होतो, पण मी म्हणणार नाही. पूल धोकादायक झाला तर तो पाडावाच लागतो. खालून रोज लाखो माणसं जात असताना त्याच्या वयाचा मान राखायचा म्हणून कुणाचा जीव पणाला लावता येणार नाही. स्टेशनाच्या इमारतीला ही कसोटी तितक्या कठोरपणे लागत नाही. तिच्यावर रोज ट्रकचं ओझं पडत नाही, तिला फक्त उभं राहायचं असतं, आणि काळा दगड त्या कामात पटाईत आहे. म्हणूनच जिथे इमारत सहज वाचू शकते तिथे तिच्या बाबतीत 'जुनी झाली, पाडा' हे कारण मला पटत नाही.

माझी खरी काळजी वेगळी आहे. भायखळ्याचा दगड मोकळा झाला, हे एकदाच झालेलं काम. पण स्टेशनाची रंगरंगोटी, दुरुस्ती, नव्या केबलची जोडणी ही दरवर्षीची कामं, आणि ती होतात ठेकेदाराकडून, चौरस मीटरच्या दरानं. त्या कामाच्या कागदात 'या भिंतीला रंग लावू नये, इथे सिमेंट वापरू नये, खिळा मारायचा तर दगडात नाही, सांध्यात' या तीन ओळी आहेत की नाहीत, यावर पुढची वीस वर्षं ठरतील. जुन्या बांधकामात काम केलेला गवंडी असेल तर त्याला हे सांगावं लागत नाही. पण कमी बोलीच्या ठेक्यात असा गवंडी मिळेलच असं नाही.

पुढच्या आठवड्यात पश्चिम मार्गावर जाऊ. उतरत्या छपराचं वांद्रे स्टेशन, आणि छप्पर गळायला लागलं की वारशाचं काय होतं, हा विषय.